विश्लेषण : जुनी गाडी सुरू का होत नाही? घरच्या घरी ‘करंट’ कसा शोधायचा?

जुन्या पेट्रोल गाडीच्या मालकाला हा प्रसंग नवा नाही. चार दिवस पाऊस लागलेला असतो, रविवारी सकाळी गाडी काढायची असते. चावी फिरवली की सेल्फ नेहमीसारखा फिरतो, इंजिन मात्र दाद देत नाही. बॅटरी उतरेपर्यंत प्रयत्न होतात, मग शेजाऱ्यांना बोलावून धक्का मारला जातो आणि शेवटी ‘आता विकून टाका’ असा सल्ला मिळतो. प्रत्यक्षात बिघाड बऱ्याचदा इग्निशनच्या, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘करंट’च्या, एखाद्या लहानशा भागात असतो. एक छोटा दिवा, दोन-चार पाने आणि थोडा धीर एवढ्यावर तो घरीच शोधता येतो. मात्र सुटे भाग बदलायला घेण्याआधी करंट कुठवर पोहोचतो, हे पाहावे लागते.

हा प्रश्न आता का महत्त्वाचा?

पॉइंट आणि कंडेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांची माहिती मुंबईत इतकी वर्षे टिकली ती टॅक्सीमुळे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट ११००, काही दशके काळी-पिवळी म्हणून धावली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीसाठीची २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. तिच्यासोबत, नुसत्या आवाजावरून ‘पॉइंट चिकटलाय’ असे सांगणारे नाक्यावरचे मिस्त्रीही कमी झाले. नव्या गॅरेजमधील मुले हुशार आहेत, पण त्यांची सवय स्कॅनर जोडून चूक वाचण्याची आहे. पद्मिनीला स्कॅनर जोडायला जागाच नाही.

खासगी मालकांकडे मात्र पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, कार्ब्युरेटरची मारुती ८०० अजूनही आहेत. १५ वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे दर ५ वर्षांनी तपासणीसह नूतनीकरण करावे लागते. सुरूच न होणारी गाडी या तपासणीला जाणार कशी? ती सोसायटीच्या कोपऱ्यात उभी राहते, टायर बसतात, टाकीतले पेट्रोल शिळे होते, वर्षभरात ब्रेक धरतात आणि मग खरोखरच भंगारवाल्याला बोलवावे लागते. कित्येकदा या सगळ्याची सुरुवात पॉइंटवर चढलेल्या एका पातळ थरापासून झालेली असते.

ठिणगी तयार कशी होते?

बॅटरीचे १२ व्होल्ट प्लगच्या फटीतून उडी मारण्यास अगदीच अपुरे असतात. तिथे काही हजार व्होल्ट, बरेचदा १५ ते २० हजार व्होल्ट लागतात. ते तयार करण्याची युक्ती अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास मोटारींसाठी रूढ केली. त्यांच्या कंपनीचे नाव डेल्को. आपल्याकडील अनेक जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला आजही ‘डेल्को’ म्हणतात, ते याच नावावरून.

बॅटरीतून निघालेला करंट चावीच्या स्विचमधून कॉइलमध्ये जातो आणि तेथून डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटमार्गे गाडीच्या लोखंडी सांगाड्यात, म्हणजे अर्थमध्ये मिळतो. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात, एक जाड तारेचे मोजक्या वेढ्यांचे आणि दुसरे केसासारख्या तारेचे हजारो वेढ्यांचे. पॉइंट मिटलेले असताना जाड वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होते. पॉइंट उघडले की हे क्षेत्र क्षणात कोसळते आणि बारीक वेटोळ्यात प्रचंड दाब निर्माण होतो. हा दाब जाड वायरने डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात येतो. तिथे फिरणारा रोटर तो ज्या त्या प्लगकडे पाठवतो. पॉइंटच्या जोडीला असलेला डबीसारखा कंडेन्सर पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडू देत नाही. तो बिघडला तर पॉइंट जळतात आणि प्लगची ठिणगी मरते.

चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर हे सगळे सेकंदाला १०० वेळा घडते. त्यामुळे पॉइंट झिजतात, यात नवल काही नाही. इतक्या वेळा उघडझाप करून ते वर्षानुवर्षे टिकतात, हेच खरे नवल.

बिघाड करंटचाच, हे कसे ओळखावे?

सेल्फच नीट फिरत नसेल तर इग्निशनकडे वळण्याआधी बॅटरी पाहावी. विश्रांत अवस्थेतील चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा १० च्या बराच खाली गेला, तर कॉइललाही पुरेसा दाब मिळत नाही आणि ठिणगी फिकी पडते. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन, घासून घट्ट बसवणे आणि इंजिनापासून बॉडीपर्यंतची अर्थिंगची पट्टी तपासणे, एवढ्यानेही कित्येक गाड्या सुरू होतात.

सेल्फ जोमाने फिरतो आहे, पण इंजिन पेटत नाही, अशा वेळी एक प्लग काढून पाहावा. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, ठिणगी नाही किंवा दुबळी आहे. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर आधी पेट्रोलचा पंप, फिल्टर आणि कार्ब्युरेटर पाहावा. (पेट्रोलमधील २० टक्के इथेनॉलचा जुन्या रबरी नळ्यांवर होणारा परिणाम हा वेगळा विषय आहे, पण नळी चिघळून गळत असेल, तर ती बदलेपर्यंत ठिणगीचा कोणताही प्रयोग करू नये.)

प्लगचा रंगही बोलतो. बिस्किटासारखा तपकिरी रंग म्हणजे सारे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. तेलकट काळा प्लग असेल तर करंटला दोष देऊन उपयोग नाही, इंजिनच थकले आहे.

ठिणगीची परीक्षा कशी घ्यावी?

गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. ओढणी, सैल बाह्या, हातातले कडे पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवावे. बॉनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर परीक्षा पुढे ढकलावी. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये, जवळही उभे राहू नये.

काढलेला प्लग त्याच्या वायरला जोडून, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला टेकेल असा ठेवावा. प्लगच्या उघड्या भोकापासून तो लांब हवा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. तो हातात धरू नये, रबरी मुठीच्या पकडीने धरावा किंवा नीट अडकवून ठेवावा. मग दुसऱ्या व्यक्तीने सेल्फ मारावा. निळी, तडतड आवाज करणारी ठिणगी दिसली तर करंट ठीक. पिवळट, बारीक किंवा मधूनच येणारी ठिणगी बाहेर दिसली, तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली ती विझते.

प्लगवर ठिणगी नसेल तर कॉइलकडून येणारी मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून काढावी. तिचे टोक पकडीने धरून इंजिनपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवावे आणि पुन्हा सेल्फ मारावा. इथे ठिणगी आहे आणि प्लगवर नाही, याचा अर्थ दोष झाकण, रोटर किंवा प्लगच्या वायरींत आहे. इथेही ठिणगी नसेल, तर तो कॉइलमध्ये किंवा तिच्या अलीकडे आहे. या एका चाचणीने निम्मी गाडी संशयातून मुक्त होते. दुर्दैवाने बहुतेक जण ही चाचणी न करताच दुकानात जातात.

दिवा काय सांगतो?

आता लागतो टेस्ट लॅम्प. पार्किंग लाइटचा पाच वॅटचा बल्ब आणि दोन वायरी, एवढे पुरेसे आहे. एक वायर इंजिनच्या लोखंडाला जोडावी. चावी ‘ऑन’ करून दुसरी वायर कॉइलच्या त्या टोकाला लावावी, जिथे चावीच्या स्विचकडून करंट येतो. दिवा लागला नाही तर कॉइल, पॉइंट सगळे निर्दोष. दोष स्विच, फ्यूज किंवा मधल्या वायरीत आहे. जुन्या गाड्यांत चावीचा स्विच आतून झिजतो आणि चावी किंचित हलवली की करंट येतो-जातो. रस्त्यात अडकल्यास बॅटरीच्या प्लसवरून कॉइलच्या या टोकाला तात्पुरती वायर जोडून घर गाठता येते. मात्र तशी वायर असताना चावी बंद केली तरी इंजिन बंद होणार नाही, वायरच काढावी लागेल.

दिवा लागला, तर तो कॉइलच्या दुसऱ्या, डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला लावावा आणि सेल्फ मारायला सांगावे. दिव्याची उघडझाप झाली तर पॉइंट आपले काम करत आहेत. तरीही मधल्या जाड वायरीला ठिणगी नसेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा ती वायर यांच्यावर संशय घ्यावा.

दिवा सतत जळत राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा मिटूनही करंट जाऊ देत नाहीत. तोंडावर मळ बसला आहे, गॅप फार मोठा आहे, किंवा कॉइल आणि पॉइंटमधली वायर तुटली आहे. उलट दिवा लागलाच नाही, तर कॉइलवरून ही वायर सोडून दिवा पुन्हा त्याच टोकाला लावावा. आता लागला तर कॉइल ठीक आहे आणि डिस्ट्रिब्युटरच्या आत कुठेतरी करंट थेट अर्थ होतो आहे. पॉइंट उघडत नसतील, कंडेन्सर शॉर्ट झाला असेल किंवा वायरचे आवरण घासून गेले असेल. तरीही लागला नाही तर कॉइलचे जाड वेटोळे तुटले आहे. मल्टिमीटर असेल तर त्याची खात्री करता येते. साध्या कॉइलचे जाड वेटोळे साधारण तीन ओहम दाखवते, बॅलास्ट रेझिस्टर असलेल्या गाड्यांत दीडच्या आसपास. बॅलास्टवाल्या गाडीची आणखी एक खूण म्हणजे सेल्फ मारताना इंजिन पेटते आणि चावी सोडताच बंद पडते. तिथे कॉइल बदलू नये, रेझिस्टर पाहावा.

या तपासणीत चावी ‘ऑन’ ठेवून चहाला जाऊ नये. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापत राहते आणि नसलेला बिघाड तयार होतो.

हे सारे लिहिणाऱ्याने स्वतः उलट्या क्रमाने शिकले आहे. घरच्या पद्मिनीत एका पावसाळ्यात प्लग, मग पॉइंट, मग कंडेन्सर, मग कॉइल असे सगळे नवे बसवून झाले. गाडी कधी सुरू व्हायची, कधी नाही. दोष निघाला डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या बोटभर लांबीच्या वायरीत. आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. प्लेट हलली की तार जुळायची, पुन्हा हलली की सुटायची. दिवा लावून त्या वायरीला बोटाने हलवले असते तर काम दहा मिनिटांचे होते.

पॉइंटचे काम घरी करावे का?

करावे, कारण उभ्या गाडीचा सर्वात नेहमीचा दोष तोच असतो. काही आठवडे गाडी हलली नाही की पॉइंटच्या तोंडावर डोळ्यांना न दिसणारा थर चढतो. झाकणाच्या क्लिपा काढून, चावी बंद ठेवून, स्वच्छ जाड कागदाचा तुकडा पॉइंटच्या फटीत घालून दोन-चार वेळा ओढावा. तेवढ्याने भागले नाही तर अगदी बारीक पॉलिश पेपर वापरावा आणि नंतर कागदाने पुसून घ्यावे, नाहीतर वाळूचा कणच फटीत अडकतो. एका तोंडावर टेंगूळ आणि दुसऱ्यावर खड्डा असेल तर पॉइंट बदलावे, जोडीला कंडेन्सरही.

गॅप मोजताना पॉइंटची टाच कॅमच्या टोकावर, म्हणजे पॉइंट जास्तीत जास्त उघडलेले असायला हवेत. त्यासाठी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळू ढकलावी किंवा चावी बंद असताना पुलीच्या नटला पाना लावून इंजिन फिरवावे. पद्मिनीसारख्या गाडीत हा गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित आत असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि फिलर गेजने मोजावा. हॅकसॉ ब्लेडच्या जाडीवर प्लगचा गॅप ठेवणारे मिस्त्री अनेकांनी पाहिले असतील. ते अगदीच चुकीचे नव्हते, ब्लेडची जाडी सव्वासहा दशांश मिलिमीटरच्या आसपास असते. पॉइंटला मात्र ते माप चालत नाही. गॅप वाढला की टायमिंग पुढे सरकते आणि चढावर इंजिन ठोकू लागते, कमी झाला की ते मागे जाते आणि गाडी ओढत नाही.

नवे पॉइंट बसवले आणि चालणारी गाडी पूर्ण बंद पडली, ही तक्रार फार ऐकू येते. कारण बहुधा एकच असते. पॉइंटच्या स्क्रूवरचे लहान प्लास्टिकचे वायसर चुकीच्या क्रमाने बसलेले असतात आणि करंट थेट अर्थ होतो. जुने सुटे करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

पावसाळ्यातच जास्त त्रास का?

हजारो व्होल्टला ओलावा हा आयता रस्ता. झाकणाच्या आत बाष्प धरले की करंट प्लगकडे न जाता भिंतीवरून सरपटत अर्थ होतो. एकदा तो गेला की मागे पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ राहते. रेघ कार्बनची असल्याने पुढच्या वेळी करंट तिथूनच जातो, हवा कोरडी असली तरी. म्हणून झाकण आधी कोरड्या सुती कापडाने आतून-बाहेरून पुसावे, हेअर ड्रायरची कोमट हवा द्यावी आणि मग उजेडात नीट पाहावे. काळी रेघ किंवा केसासारखी चीर दिसली तर झाकण बदलण्याला पर्याय नाही. झाकणाच्या मधोमध असलेला कार्बनचा तुकडा दाबल्यावर परत वर येतो का, रोटरला चीर नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

वायरींसाठी सर्वात सोपी तपासणी रात्रीची. अंधारात बॉनेट उघडून इंजिन सुरू ठेवले की फुटलेल्या आवरणातून निळ्या रेषा उडताना दिसतात. दिवसा ज्या गाडीचे ‘मिसिंग’ सापडत नव्हते, तिचे दुखणे असे अर्ध्या मिनिटात दिसते. वायरी काढताना एका वेळी एकच काढावी. पद्मिनीचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ आहे, मारुती ८०० च्या तीन सिलिंडरचा १-३-२. क्रम चुकला तर इंजिन फटाके उडवते, सुरू होत नाही.

गरम झाल्यावरच गाडी बंद पडते, मग?

हा सर्वात फसवा प्रकार. वीस-पंचवीस मिनिटे गाडी नीट चालते, सिग्नलला बंद पडते, अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष पळालेला असतो. कॉइल किंवा कंडेन्सर तापला की आतून साथ सोडतो, हे एक कारण. उन्हाळ्यात पेट्रोलच्या नळीत वाफ धरणे हे दुसरे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून गाडी बंद पडल्या पडल्या, थंड होण्याआधी, ठिणगी पाहावी. ठिणगी जोरदार असेल तर पेट्रोलच्या बाजूला वळावे, नसेल तर आधी कंडेन्सर बदलून पाहावा. तो स्वस्तही आहे आणि चटकन बदलताही येतो.

यात एक अडचण आहे. हल्ली बाजारात मिळणारे सगळेच नवे कंडेन्सर आणि रोटर भरवशाचे नसतात. म्हणून एका वेळी एकच भाग बदलावा आणि निघालेला जुना भाग दोष सापडेपर्यंत फेकू नये. नव्याने फरक पडला नाही तर जुनाच परत बसवावा.

मारुती ८०० किंवा नंतरच्या गाड्यांना हेच लागू आहे का?

अर्धेच. कार्ब्युरेटरच्या नंतरच्या मारुतींत पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. तिथे झाकण, रोटर, प्लग आणि वायरी यांची तपासणी वर सांगितल्यासारखीच करावी, पण पॉइंट साफ करणे हा भाग नाही. शिवाय कॉइलची जाड वायर मोकळी हवेत लोंबत ठेवून सेल्फ मारू नये. ठिणगीला जवळ अर्थ मिळाला नाही तर आतले मॉड्यूल जळू शकते. एमपीएफआय गाड्यांत, जिथे ठिणगी संगणक ठरवतो, तिथे वायरी काढून प्रयोग न करता स्कॅनरवाल्याकडेच जावे.

कुठे थांबावे?

डिस्ट्रिब्युटरचा खालचा बोल्ट हे थांबण्याचे ठिकाण. तो सैल करून डिस्ट्रिब्युटर फिरवला की टायमिंग हलते. खुणा कुठे आहेत आणि कशा जुळवायच्या, हे पक्के माहीत नसेल तर त्याला हात लावू नये. ठिणगी निळी आहे, प्लग ओले होत आहेत, क्रम बरोबर आहे आणि तरीही इंजिन पेटत नाही, अशा वेळी टायमिंग किंवा कॉम्प्रेशन पाहण्यासाठी जाणकार मिस्त्रीच हवा. त्याला नुसते ‘सुरू होत नाही’ असे न सांगता, ‘कॉइलपर्यंत करंट येतो, दिव्याची उघडझाप होते, प्लगवर ठिणगी निळी आहे’ असे सांगावे. त्याचे निम्मे काम झालेले असते, बिलही त्याच हिशेबाने ठरवून घेता येते.

डिकीत एक जुना पण चालणारा कंडेन्सर, पॉइंटचा एक संच, रोटर, फिलर गेज, प्लग पाना आणि तो पाच वॅटचा दिवा ठेवावा. आठवड्यातून एकदा गाडी सुरू करून, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत, रस्त्यावर फिरवून आणावी. नुसते उभ्या जागी दोन मिनिटे चालवून बंद केल्याने बॅटरी भरत नाही आणि झाकणातला ओलावाही जात नाही.